वेळ विकणारं घराणं

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये दारावर काय काय विकायला येई! दूध, पाव, कोळसा, मासळी. बेलव्हिल घराणं मात्र वेळ विकत होतं, आणि तीही गिऱ्हाइकाच्या दुकानात नेऊन. १८३६ ते १९४०, म्हणजे १०४ वर्षं हा धंदा चालला. त्याला दुकान नव्हतं, नोकर नव्हते. सगळं भांडवल म्हणजे एक खिशातलं घड्याळ.

वेळेला गिऱ्हाईक होतं, कारण लंडन हे बंदर होतं. भर समुद्रात रेखांश काढायचा तर जहाजावर ग्रिनिचची वेळ दाखवणारं क्रोनोमीटर लागे. त्यात चार सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर जहाजाचं ठिकाण एका सागरी मैलाने चुकतं. त्यामुळे ही यंत्रं बनवणाऱ्या कारागिरांना नेमकी वेळ हवीच असे. ग्रिनिचच्या वेधशाळेवर १८३३पासून रोज दुपारी एक वाजता एक मोठा गोळा खांबावरून खाली पडायचा. थेम्स नदीतल्या खलाशांना तो दिसे. शहराच्या आतल्या गल्ल्यांत बसलेल्या घड्याळजींना त्याचा काय उपयोग? मग ते उठून वेधशाळेच्याच दारात यायचे, आणि आतल्या लोकांच्या कामाचा खोळंबा व्हायचा.

त्यावर तोडगा निघाला तो असा, की कारागिरांनी वेधशाळेत येण्याऐवजी वेधशाळेची वेळच त्यांच्याकडे न्यायची. ते काम तिथले सहायक जॉन हेन्री बेलव्हिल यांच्याकडे आलं. त्यांच्याकडचं घड्याळ जॉन अर्नोल्ड या नामांकित कारागिराच्या पेढीत १७९४ साली तयार झालेलं होतं. ते ड्यूक ऑफ ससेक्ससाठी बनवलं होतं. पण ड्यूकसाहेबांना ते फार अवजड वाटलं म्हणून त्यांनी नाकारलं, असं सांगतात. बेलव्हिल यांनी त्याची सोन्याची डबी काढून चांदीची बसवली. सोनं खिशात घालून लंडनच्या काही वस्त्यांतून फिरणं म्हणजे चोरांना आमंत्रणच होतं.

१८५६ साली ते वारले, तेव्हा सुमारे दोनशे गिऱ्हाइकं होती. पत्नी मारिया यांना निवृत्तिवेतन मिळालं नाही. वेधशाळेत येऊन घड्याळ ताडून घेण्याची मुभा तेवढी मिळाली. त्या एका परवानगीवर त्यांनी १८९२पर्यंत संसार ओढला आणि मग घड्याळ मुलीच्या, रूथच्या हाती दिलं.

रूथबाई सकाळीच ग्रिनिचच्या टेकडीवर पोचत आणि फाटकावरची घंटा वाजवत. आतला कर्मचारी घड्याळ घेऊन जाई, वेधशाळेच्या मुख्य घड्याळाशी ताडून पाही आणि ते किती पुढे वा मागे आहे याचा दाखला लिहून देई. तो दाखला घेऊन रूथबाई लंडनभर फिरत. घड्याळाचं नावच पडलं होतं ‘अर्नोल्ड’. आज अर्नोल्डसाहेब कसे आहेत, असं दुकानदार विचारत. चार सेकंद पुढे आहेत, असं उत्तर मिळे. दुकानदार हिशेब करून आपलं घड्याळ लावून घेई. घड्याळ अचूक असल्याचा दावा इथे कुणीच करत नव्हतं. त्याची चूक किती, हे लेखी आणि सरकारी शिक्क्याच्या भरवशाने सांगितलं जात होतं. धंद्याची सगळी पत त्या कबुलीवर उभी होती.

स्पर्धा नव्हती असं नाही. १८५२पासून ग्रिनिचची वेळ तारेवरून जाऊ लागली होती, आणि पुढे स्टँडर्ड टाइम कंपनी वर्गणी घेऊन विजेच्या संदेशाने दुकानांतली घड्याळं लावून देऊ लागली. या कंपनीचे संचालक सेंट जॉन विन यांनी १९०८ साली लंडनमध्ये एक भाषण ठोकलं. बेलव्हिल यांच्या घड्याळावरून वेळ मिळवायची रीत कशी हास्यास्पद आहे हे त्यांनी सांगितलंच. शिवाय वेधशाळेची परवानगी एका बाईला बाईपणाच्या जोरावर मिळाली असावी, असा कुत्सित टोमणाही मारला. ‘टाइम्स’मध्ये भाषणाचा वृत्तांत आला, पण वक्त्याचा स्वतःचाच वेळेचा धंदा आहे ही गोष्ट त्यात नव्हती. बातमीदारांनी रूथबाईंना शोधून काढलं. बदनामी करायला निघालेल्या माणसाने त्यांची फुकट जाहिरात केली, आणि धंदा उलट वाढला.

तारेचा संदेश जलद होता, पण तार घ्यायची म्हणजे यंत्रणा बसवणं आलं आणि ती बिघडली की दुरुस्ती आली. रूथबाईंच्या गिऱ्हाइकाला काहीच बसवावं लागत नव्हतं. शिवाय वेळ घेऊन येणारं माणूस ओळखीचं होतं. शंका आली तर दाखला समोर होता.

१९२४च्या फेब्रुवारीत बीबीसीवर वेळेचे सहा ठोके सुरू झाले. जुलै १९३६मध्ये टेलिफोनवर वेळ सांगणारी सेवा आली. तरीही जवळपास पन्नास गिऱ्हाइकं रूथबाईंकडूनच वेळ घेत राहिली. शेवटी १९४०मध्ये, महायुद्ध सुरू असताना, त्या थांबल्या. तार, रेडिओ आणि टेलिफोन या तिघांपैकी एकालाही हा धंदा बंद पाडता आला नाही. तो बंद पडला, कारण विक्रेतीचं वय शहाऐंशी झालं होतं आणि चौथं माणूस घराण्यात नव्हतं.