न पटणाऱ्याचं वकीलपत्र

महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकात काय आहे आणि काय नाही, यावर भरपूर दळण दळून झालं आहे. मला खटकतात त्या तारखा. २५ जून २०२५ ला आणीबाणीला ५० वर्षं झाली, लोकशाहीच्या नावानं भाषणं झाली. १० जुलैला विधानसभेत हे विधेयक आवाजी मतदानानं पार पडलं. विरोधात उभे राहिले डहाणूचे आमदार विनोद निकोले, एकटेच. या दोन तारखांच्या मध्ये, ३ जुलैला, न्या. वि. म. तारकुंडे यांची जयंती येते.

तारकुंडे (१९०९-२००४) मूळचे सासवडचे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली केली, मग ती सोडून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाचं पूर्णवेळ काम. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९६९ मध्ये मुदतीआधीच पायउतार होऊन दिल्लीत वकिलीला लागले. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांविषयी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल १९७६ मध्ये दिलेल्या मिसा निकालातलं न्या. खन्ना यांचं भिन्नमत आपण सगळे अभिमानानं सांगतो. त्या खटल्यात बंदिवानांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांत तारकुंडे होते, हे मात्र फारसं कुणाला आठवत नाही. हरलेल्या वकिलाला कोण लक्षात ठेवतो? त्याच वर्षी ऑक्टोबरात, आणीबाणी चालू असतानाच, नागरी हक्कांसाठी संघटना उभी राहिली, अध्यक्ष तारकुंडे. १९७७ ला जनता पक्ष आला आणि संघटना पेंगली. आपली माणसं मंत्री झाली की हक्कांची निकड कमी वाटू लागते, हा रोग जुनाच. १९८० मध्ये ‘पीयूसीएल’ (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) नावानं तिला पुन्हा उठवावं लागलं.

माझ्या लेखी तारकुंड्यांचं सगळ्यात मोठं काम तेव्हाच्या आंध्रातलं आहे. जुलै १९७५ मध्ये मेदक जिल्ह्यात गिरायपल्लीच्या जंगलात चार तरुण नक्षलवादी ‘चकमकीत’ मारले गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. १९७७ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी तारकुंड्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीनं गावोगावच्या माणसांच्या साक्षी घेतल्या. निष्कर्ष असा, की चकमक झालीच नव्हती. पोरांना आधी पकडलं, झाडांना बांधलं आणि मग गोळ्या घातल्या. समितीच्या हातात ना समन्स काढण्याचा अधिकार, ना सरकारी शिक्का. तरी राज्य सरकारला न्यायालयीन चौकशी आयोग नेमावा लागला. आणि हे करणारा माणूस कोण? साम्यवादाशी फारकत घेतलेल्या रॉय यांचा शिष्य. बंदुकीच्या राजकारणाशी त्याचं काडीचंही जमत नव्हतं.

न पटणाऱ्याच्या बाजूनं उभं राहण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना रस्ता सोडून गोव्याच्या बाजूला वळलं की थोड्याच अंतरावर शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. १८७९ मध्ये फडक्यांवर पुण्यात खटला चालला तेव्हा सरकारदरबारी ते दरोडेखोर होते. त्यांचा बचाव केला सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी. काका अर्ज-विनंत्यांच्या सनदशीर मार्गाचे. दोनच वर्षांपूर्वी खादीचा पोशाख घालून दिल्ली दरबाराला गेलेले. रामोशांना घेऊन सावकारांवर धाडी घालणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. फडक्यांना जन्मठेप झालीच, एडनला पाठवलं, १८८३ मध्ये तिथेच ते गेले.

आज त्या फाट्यावर ट्रॅफिक, कंटेनर आणि जमिनीच्या भावाच्या गप्पा. शिरढोणला माथा टेकणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कितींना त्या वकिलाचं नाव ठाऊक असेल, शंकाच आहे.

पुन्हा जनसुरक्षा विधेयकाकडे. त्यात संघटना बेकायदा ठरवण्याच्या कारणांची छाननी करायला सल्लागार मंडळ आहे. उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींना त्याचं अध्यक्षपद मिळू शकतं. खुर्चीला माणूस मिळेलच, त्याची काळजी नको. समोरच्या बाजूनं, बंदी आलेल्या आणि आपल्याला बिलकूल न पटणाऱ्या संघटनेचं वकीलपत्र घेऊन पनवेल-अलिबागच्या बाररूममधून कोण उठतो, ते बघायचं.