हौशी प्रवासछायाचित्रे आणि त्यांमागील स्मृती : बारामती–इंदापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

प्रवासाहून परतल्यावर तेथे काढलेली छायाचित्रे इतरांना दाखविणे हा मराठी मध्यमवर्गीय घरातील एक ठरलेला प्रसंग असे. पाहुण्यांचा चहा झाला की कपाटातून अल्बम निघे. दाखविणारा पान उलटी आणि सांगत जाई : ही गाडी येथे बंद पडली, या देवळाच्या पायरीवर दशम्या खाल्ल्या, ह्या बाई आपल्या नात्यातल्या नव्हेत, वाटेत भेटलेल्या. छायाचित्र हे निमित्त असे, ऐकले जाई ते कथन. मार्था लँगफोर्ड यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील अल्बमांच्या अभ्यासाचा गाभा हाच आहे. अल्बमची रचनाच मुळात मौखिक असते आणि सांगणारा उठून गेला की संभाषण अर्ध्यावर थांबते, असे त्या मानतात.

प्रस्तुत लेखात हा विचार बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील परिचित स्थळांना लावून पाहिला आहे. हौशी प्रवासछायाचित्राचे मोल त्याच्या रेखीवपणापेक्षा त्यामागील सांगण्यात अधिक असते आणि आज छायाचित्रे विपुल होत असताना नेमके ते सांगणेच गळून पडत आहे, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

हौस आणि खर्च

मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होत. परंतु ही हौस मूठभरांची होती. १८८८ मध्ये कोडॅकचा पेटीवजा कॅमेरा आल्यावर पाश्चात्त्य देशांत ती सामान्यांच्या हाती गेली. आपल्याकडे तिला ग्रामीण भागात पोहोचण्यास आणखी कित्येक दशके लागली. भारतात लोकप्रिय झालेल्या आग्फा क्लिक-३ या कॅमेऱ्यात एका रोलवर १२ चित्रे निघत. रोल, धुलाई आणि छपाई यांचा खर्च लक्षात घेता बटण दाबण्यापूर्वी विचार करावा लागे. दुकानातून आलेल्या प्रतींच्या मागे बॉलपेनने स्थळ, तारीख आणि नावे लिहिण्याची सवय या काटकसरीतूनच लागली असावी. आज ते हस्ताक्षर पुष्कळदा छायाचित्राहून अधिक उपयोगी ठरते.

पिएर बूर्द्य या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९६५ च्या ग्रंथात दाखविले की सामान्य माणूस काय टिपतो हे त्याच्या एकट्याच्या आवडीवर ठरत नाही. छायाचित्रास योग्य काय, हे त्याचा समाज आधीच ठरवीत असतो. एकाच स्थळाची हजारो छायाचित्रे सारखी का दिसतात, याचे हे एक उत्तर होय.

पळसदेव : एक स्थळ, दोन स्मृती

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील या धरणाचे पाणी, म्हणजेच यशवंतसागर जलाशय, मागे इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर दूरवर पसरले. नदीकाठची अनेक गावे त्याखाली गेली. पळसदेव हे त्यांपैकी एक. गाव वर, पुणे–सोलापूर महामार्गालगत पुन्हा वसले. पळसनाथाचे जुने दगडी मंदिर मात्र पाण्यातच राहिले.

हे मंदिर उघडे पडते ते दुष्काळात. त्यामागील गणित समजून घेणे आवश्यक आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा आहे. पाणी या मृतसाठ्याच्या खाली गेले की धरण ‘उणे’ झाले असे म्हटले जाते, आणि वृत्तपत्रांतून उणे टक्केवारी प्रसिद्ध होऊ लागते. बाहेरच्या वाचकास ही उणे टक्केवारी चमत्कारिक वाटते, परंतु भीमाकाठच्या शेतकऱ्यास तिचा अर्थ पुरता कळतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले. अशा वर्षी प्रथम शिखर, मग मंडप, आणि अखेर आवारातील वीरगळ व घरांची जोती दिसू लागतात. वार्ता पसरते आणि पुण्याहून, बारामतीहून, सोलापूरहून माणसे कॅमेरे व मोबाइल घेऊन येतात.

येणाऱ्याच्या छायाचित्रात तडकलेली माती, निळे आकाश आणि मध्ये एकाकी मंदिर असते. ‘पाण्याखालचे मंदिर’ एवढ्या दोन शब्दांनिशी ते पुढे पाठविले जाते. तेच छायाचित्र नव्या गावातील वृद्धाच्या हाती दिले तर त्याची नजर मंदिरावर फार वेळ थांबत नाही. ती उजवीकडच्या किंवा डावीकडच्या जोत्यांकडे जाते. घर कोणाचे, चावडी कोठे, नदीवर जाण्याची वाट कोणती, हे तो शोधू लागतो. प्रवाशाने पार्श्वभूमी म्हणून टिपलेला भाग हाच त्याच्या दृष्टीने चित्राचा विषय असतो. प्रवाशाची आठवण एका दुपारची, आणि त्याची एका गावाची.

येथे प्रवाशाला दोष देण्याचा हेतू नाही. जुन्या गावाची धरणापूर्वीची घरगुती छायाचित्रे मुळातच विरळ आहेत, कारण त्या काळात कॅमेरा फारच थोड्या घरांत होता. त्यामुळे हौशी प्रवाशांनी उन्हाळ्यात टिपलेली चित्रे ही बुडालेल्या गावाच्या मांडणीची मोठीच दृश्य सामग्री ठरते. खेद एवढाच की ती दिनांकावाचून फिरते. २०१६ चे छायाचित्र २०२४ मध्ये ‘कालचे’ म्हणून येते आणि ते ओळखण्याचा मार्ग उरत नाही. वास्तविक उजनीची दैनंदिन पाणीपातळी शासकीय दप्तरी नोंदविली जाते. छायाचित्राचा केवळ दिवस ठाऊक असता, तर कोणत्या पातळीला मंदिराचा कोणता थर आणि कोणती जोती उघडी पडतात, हे ताडून पाहता आले असते. सहलीतील एक चित्र त्यामुळे मोजमाप झाले असते.

त्याच पाण्यावरील दुसरी सवय

ही अपेक्षा अवास्तव नाही, हे त्याच जलाशयाकाठी सिद्ध होते. भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळ या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी, पट्टकादंब हंस आणि अन्य स्थलांतरित पक्षी पाहण्यासाठी पर्यटक येतात. स्थानिक मच्छीमार त्यांना होडीतून नेतात आणि पक्ष्यांची माहितीही देतात. येथील छायाचित्रकारही बहुतांशी हौशीच. परंतु पक्षीनिरीक्षकांच्या समूहात दिनांक, वेळ आणि ठिकाण सांगितल्याविना चित्र ठेवणे अपुरे मानले जाते. कोणी विसरल्यास दुसरा लगेच विचारतो. या शिस्तीचे फळ मोठे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल सुमारे १५,५०० पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. त्यांतील बहुसंख्य नोंदी छायाचित्रांच्या नव्हेत, लिखित याद्यांच्या आहेत, हे मान्य. तथापि हौशी माणसाची नोंद विद्येच्या उपयोगी पडते ती शिस्तीमुळे, हे त्यातून स्पष्ट होते. एकाच पाण्यावर रोहित टिपणारा दिनांक लिहितो आणि मंदिर टिपणारा लिहीत नाही. पक्ष्याचा इतिहास आपण जपतो आणि गावाचा नाही, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण आहे.

काटेवाडीचे रिंगण : जे चित्रात येत नाही

जगद्गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून इंदापूर तालुक्याकडे निघते तेव्हा वाटेत काटेवाडी येथे परीट समाजाच्या वतीने धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. पालखीभोवती मेंढ्या धावतात. मेंढ्यांना रोगराई होऊ नये, ही त्यामागील भावना सांगितली जाते. पुढे बेलवाडीस अश्वाचे गोल रिंगण होते. या दोन्ही प्रसंगी आज हजारो मोबाइल एकदम वर उचललेले दिसतात.

या चित्रांत लोकरीचा करडा पांढरा लोट दिसतो, फेटे दिसतात. परंतु तेथे उभा राहिलेल्या माणसास जे प्रकर्षाने जाणवते ते बरेचसे ऐकू येणारे आणि वासाचे असते : टाळमृदंग, मेंढपाळांच्या आरोळ्या, पावसाने ओली झालेली लोकर. बराश, डील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की स्वेच्छेने छायाचित्रे काढणाऱ्यांना पाहिलेल्या गोष्टी अधिक आठवतात, मात्र ऐकलेल्या गोष्टी कमी आठवतात. त्या प्रयोगांचे स्थळ संग्रहालय होते, वारी नव्हे. पण काटेवाडीच्या संदर्भात हा निष्कर्ष विचार करावयास लावतो. रिंगणाचे छायाचित्र दाखविताना ‘त्या वेळी काय ऐकू येत होते?’ असा प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो त्याच दिवशी विचारला पाहिजे.

आणखी एक बाब. वार्षिक सोहळ्याची चित्रे एकमेकांसारखी असतात आणि पालखी तिथीप्रमाणे निघत असल्याने तारीख दरवर्षी बदलते. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. म्हणजे सलग राखलेल्या कोणत्याही घरगुती संग्रहात या दोन वर्षांची जागा रिकामी असणार. हे रिकामेपण हीदेखील एक नोंद आहे, पण मागेपुढे वर्षे लिहिलेली असतील तरच ती वाचता येईल.

स्मृतीवर कितपत विसंबावे?

छायाचित्रामागील कथन जपावे असे म्हणताना त्याच्या विश्वसनीयतेचा प्रश्न टाळता येणार नाही. किंबर्ली वेड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तींना त्यांचे बालपणीचे, उष्ण हवेच्या फुग्यातून सफर करतानाचे बनावट छायाचित्र दाखविण्यात आले. तीन मुलाखतींच्या अखेरीस सुमारे निम्म्या व्यक्तींना न घडलेली ती सफर थोडीबहुत ‘आठवू’ लागली. छायाचित्र स्मृतीला जागे करते, तसेच ते स्मृती घडवूही शकते. संगणकाच्या साह्याने हवे ते चित्र क्षणात तयार होण्याच्या आजच्या काळात हा इशारा अधिकच गंभीर होतो. बुडालेल्या गावाचे कल्पनाचित्र वृद्धांपुढे खरे म्हणून ठेवले गेल्यास काही वर्षांनी खरे काय हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून पद्धतीचे भान हवे. छायाचित्र समोर ठेवून मुलाखत घेण्याची रीत जॉन कॉलिअर यांनी १९५७ मध्ये मांडली. चित्र समोर असले की माणसे अधिक नेमके बोलतात, असा त्यांचा अनुभव होता. आपल्या महाविद्यालयांत मराठी, इतिहास, भूगोल व समाजशास्त्र या विभागांना ही रीत सहज वापरता येईल. मात्र प्रथम चित्राविना विचारावे, त्यानंतर चित्र दाखवावे आणि दोन्ही उत्तरे वेगळी लिहावीत. चित्र पाहण्यापूर्वी काय आठवत होते आणि पाहिल्यावर काय आठवले, यांतील अंतर हीच अभ्यासाची सामग्री होय. नावे व चित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधितांची संमती घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मोबाइलने काढलेल्या चित्रात दिनांक, वेळ आणि सोय चालू असल्यास स्थळही आपोआप नोंदले जाते. व्हॉट्सॲपवर ते नेहमीच्या रीतीने पाठविले की ही नोंद गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास टिकते. जुनी छापील प्रत स्कॅन करताना संगणक स्कॅनचाच दिनांक लावतो, तेव्हा मूळ दिनांक हाताने लिहावा. प्रतीची मागची बाजूही स्कॅन करावी. बॉलपेनचे ते हस्ताक्षर तेथेच असते, आणि घाईत नेमके तेच राहून जाते.

धरण पूर्ण झाले त्या वर्षी पळसदेवात दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचावन्नच्या पुढे आहे. त्या वेळी गावाचा कारभार पाहणारे बहुतेक जण आता नाहीत. पुढच्या वेळी उजनी उणे होईल तेव्हा मंदिराकडे जाणाऱ्या शैक्षणिक सहलीने परतीच्या वाटेवर नव्या गावात तासभर थांबावे, नुकतीच काढलेली छायाचित्रे तेथील ज्येष्ठांना दाखवावीत आणि जोती कोणाची ते विचारून वहीत उतरवून घ्यावे.