दवाखान्याचा भाव आधी विचारा

कापडाच्या धंद्यात आपण एका मीटरमागे आठ आण्यांसाठी चार दुकाने हिंडतो. पण घरात कुणाच्या छातीत कळ आली की गाडी मिळेल ती आणि दवाखाना दिसेल तो, असा आपला कारभार असतो. जव्हार-मोखाड्याच्या दुकानदाराला व कारागिराला हा कारभार फार महाग पडतो.

जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही सरकारी. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सर्पदंश असो की अपघात, पहिला उपचार इथेच घ्यावा. पैसेवाले बंधू हा टप्पा टाळून थेट नाशिक गाठतात. जव्हारहून नाशिक सुमारे 80 किलोमीटर, तेही मोखाडा-त्र्यंबकच्या घाटातून. तेवढ्या वाटेत रोगी दगावू शकतो.

खरा खर्च सुरू होतो तो ‘पुढे न्या’ म्हटल्यावर. 2014 पासून सुरू असलेली 108 ची गाडी मोफत आहे, पण ती वेळेवर हाती लागली पाहिजे. जून 2025 मध्ये मोखाडा तालुक्यातील एका मजूर बापाने मृत अर्भक पिशवीत घालून नाशिकहून एसटीने गावी आणले, ही बातमी साऱ्या राज्याने वाचली. म्हणून खाजगी गाडीवाल्यांचे भाव आजच विचारून ठेवा. ऑक्सिजन धरून किती, रात्रीचे किती, परतीचे भाडे वेगळे की त्यातच, हे सगळे विचारा.

आता खाजगी दवाखाना. गेल्या वर्षी माझ्या एका कारागिराच्या वडिलांना शहरात नेले. काउंटरवर फक्त तपासणीची फी सांगितली. बिलात मात्र नोंदणी, ऑक्सिजन, मॉनिटर, ड्रेसिंग, सलाइन, रात्रीच्या डॉक्टरची व्हिजिट अशा ओळीवर ओळी. शेरवानीचा भाव म्हणून नुसत्या कापडाचा भाव सांगावा आणि अस्तर, बटणे, शिलाई मागाहून जोडावी, तसा प्रकार! कारागिराने शिलाई मशीन विकायला काढले होते. आम्ही चौघांनी मिळून ते थांबवले.

वास्तविक, जानेवारी 2021 च्या दुरुस्त नियमांनुसार खाजगी रुग्णालयाने प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयाने तर गरीब व दुर्बल घटकातील रोग्याला तातडीच्या वेळी अनामत रकमेसाठी अडवायचे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना 2006 पासून लागू आहे. रस्ते अपघात असेल तर 2025 च्या केंद्रीय योजनेत, ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार रोख न भरता होतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागते. ते दुकानाच्या गल्ल्यात नव्हे, घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावे. (आमच्या घरी ते एकदा जुन्या वहीखात्यात सापडले!)

तुलना करताना एकच प्रश्न सगळीकडे विचारा: “पहिल्या रात्रीचा, औषधांसकट, एकूण खर्च किती? अनामत किती? महात्मा फुले योजना चालते का?”

मागच्या खेपेला माल भरायला नाशिकला गेलो, तेव्हा मी तीन ठिकाणी हेच विचारले. दोघांनी छापील दरपत्रक हातात दिले. तिसरा म्हणाला, “आधी पेशंट आणा, मग बोलू.” त्याचे नाव मी वहीत लिहिले नाही.