गाडी आधी सांगते: पलसाण्याहून घाटाकडे निघण्यापूर्वी ट्रकमध्ये काय बघायचं

पलसाणा चोकडीवर मुंबई-अहमदाबादचा 48 नंबरचा हायवे आणि हजिऱ्याहून बारडोली, नवापूर, धुळ्याकडे जाणारा 53 नंबरचा हायवे एकत्र येतात. सुरतेचा माल इथूनच खानदेशाकडे वळतो. नवापूरपर्यंत मोठा घाट नाही. विसरवाडीनंतर कोंडाईबारी लागते. धुळ्याकडे जाताना तिथे चढ, म्हणजे इंजिन आणि रेडिएटरची परीक्षा; येताना उतार, म्हणजे ब्रेकची. सपाटीवर अर्धा ब्रेकसुद्धा चालून जातो, म्हणून ड्रायव्हरला वाटतं गाडी ठीक आहे. खरं काय ते उतारावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

4 जुलै 2023 ची पळासनेरची घटना शिरपूर तालुका विसरलेला नाही. मुंबई-आग्रा हायवेवर उताराने येणारा कंटेनर गाड्यांना धडकत थेट हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा जीव गेला. ब्रेक निकामी झाल्याचं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं.

‘अचानक ब्रेक फेल झाला’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. क्वचित ते खरं असेलही. पण एअर ब्रेक बहुतेक वेळा हळूहळू मरतो आणि मरण्याआधी बोलतो. टाकीत हवा भरायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागणं हे पहिलं लक्षण. कुठूनतरी सूं-सूं आवाज येणं हे दुसरं. तपासायला दोनच मिनिटं लागतात: गाडी सपाट जागी उभी करा, चाकाला दगड लावा, हवा पूर्ण भरली की इंजिन बंद करा आणि ब्रेक दाबून धरा. सुरुवातीला काटा थोडा खाली येणारच. त्यानंतर मिनिटभरात तो डोळ्यांना दिसेल इतका सरकत राहिला, तर हवा गळतेय. कमी हवेचा बझर वाजत असताना गाडी हलवायचीच नाही. बझरची वायर काढून ठेवणारे महाभाग आहेत. त्यांना काय म्हणावं?

हवेच्या टाकीतलं पाणीही रोज सोडायला हवं. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा त्यातली वाफ पाणी होऊन टाकीत साठते, व्हॉल्व्ह गंजतात. पाण्याबरोबर भरपूर ऑइल निघालं तर कॉम्प्रेसर मिस्त्रीला दाखवा.

पन्नासेक किलोमीटर चालल्यावर थांबाल तेव्हा चाकांजवळ हात न्या. टेकवू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय. रिमच्या आत तेलकट ओघळ म्हणजे हबचं सील गेलं. ते तेल लायनरवर आलं की त्या चाकाला ब्रेक लागणार नाही आणि गाडी एका बाजूला ओढेल.

ब्रेक चांगला असला तरी उतारावर सतत दाबून ठेवला की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते. म्हणून घाट चढायला जो गिअर लागतो त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरायचं, ही जुन्या उस्तादांची रीत आजही बरोबर आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणं म्हणजे आत्महत्याच. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, नवी हवा नाही, पॉवर स्टेअरिंगही जड. 20 नोव्हेंबर 2022 ला पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकने अनेक गाड्या ठोकल्या, तेव्हा तपासात हीच गोष्ट पुढे आली होती.

बाकीची लक्षणं थोडक्यात. चढावर काळा धूर आणि ताकद कमी: आधी एअर फिल्टर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, गाडी पुढे नेऊ नका. टायर एका कडेने झिजत असेल तर नवा टायर टाकण्याआधी अलाइनमेंट करा, नाहीतर तोही तसाच जाईल. जोडचाकांतला आतला टायर कुणी बघत नाही, तो जरूर बघा.

सर्व्हिसिंगचं वेळापत्रक कंपनीच्या पुस्तकात किलोमीटरवर असतं. पण लोडिंगच्या रांगेत इंजिन तासन्‌तास चालू राहतं, ते किलोमीटरमध्ये धरलं जात नाही. अशा गाडीचं ऑइल आणि फिल्टर थोडं आधीच बदललेलं परवडतं.

पासिंग आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. गुजरातचं फिटनेस सर्टिफिकेट महाराष्ट्रात चालतं, महाराष्ट्राचं गुजरातेत. पण ते त्या दिवसापुरतं गाडीचं चित्र आहे. परवा सील फुटलं तर कागद काय करणार?

खरी अडचण वेगळीच आहे. ड्रायव्हर सांगतो, मालक म्हणतो, ‘ही खेप होऊ दे.’ खर्च मालकाचा, जीव ड्रायव्हरचा, आणि अपघात झाला की गुन्हाही आधी ड्रायव्हरवर. म्हणून ड्रायव्हर भाऊ, तोंडी सांगू नका. काट्याचा किंवा गळतीचा फोटो, तारीख आणि किलोमीटर लिहून मालकाच्या व्हॉट्सॲपवर टाका. आणि मालकांनी, फोटो आला की गाडी पलसाण्यातच गॅरेजला लावावी. घाटात बंद पडलेली भरलेली गाडी खेचून आणायला क्रेनवाला काय घेतो ते एकदा विचारून बघा.