महापूर, कागद आणि ते 24 शब्द

18 जुलै 2024 ला वझीरएक्स या आपल्याकडच्या एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. त्यानंतर शिरोळमधल्या दोन-तीन मित्रांनी हार्डवेअर वॉलेटबद्दल, म्हणजे क्रिप्टोच्या चाव्या एक्स्चेंजऐवजी आपल्याच हातात ठेवणाऱ्या डिव्हाइसबद्दल विचारलं, म्हणून लिहितोय.

डिव्हाइस कंपनीकडूनच घ्या, सेकंडहँड नको. वॉलेट परत उभं करायला लागणारे शब्द आधीच छापलेलं कार्ड आत निघालं, तर ते डिव्हाइस वापरूच नका! शब्द तुमच्यासमोर, त्याच्याच स्क्रीनवर तयार व्हायला हवेत. बहुतेक वॉलेटमध्ये ते 12 किंवा 24 असतात, 2048 इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. डिव्हाइस हरवलं तरी चालेल, पण सोबत शब्दही हरवले की पैसे गेले.

आणि इथेच आपल्या गावाचा प्रश्न येतो. ऑगस्ट 2019 च्या महापुराचं पाणी आठवा. कपाटातल्या सातबाऱ्यांचा लगदा झाला होता. म्हणून शब्द कागदावर न ठेवता मी स्टेनलेस स्टीलची पट्टी कापून आणली आणि लेटर पंचने घरीच अक्षरं ठोकली. प्रत्येक शब्दाची पहिली चारच अक्षरं पुरतात, कारण त्या यादीत पहिली चार अक्षरं सारखी असलेले दोन शब्दच नाहीत. ठोकायला दुसऱ्या कुणाला देऊ नका. फोटो नको, व्हॉट्सॲप नको.

मोठी रक्कम टाकण्याआधी एकदा डिव्हाइस रिसेट करा आणि पट्टीवरचं वाचून वॉलेट परत उभं करा. माझ्या पट्टीवर सतराव्या शब्दाचं एक अक्षर चुकलेलं तेव्हाच सापडलं.