वाळूजचे टायर, युरोपची शेतं

टायरच्या धंद्यात नग मोजायची पद्धत आहे. कारचे, ट्रकचे, स्कूटरचे टायर वर्षाला किती लाख निघाले हे सांगितलं की कारखान्याचा आवाका समजतो. मुंबईची बालकृष्ण इंडस्ट्रीज मात्र आपली विक्री टनांत सांगते: वर्षाला साधारण ३ लाख टन. नग सांगून काही उलगडणारच नाही. हिच्या यादीत हिरवळ कापायच्या यंत्राचा एका हातात मावणारा टायर आहे आणि खाणीतल्या डंपरचा साडेतीन मीटर उंच, तीन टनांहून जड टायरही आहे. या दोन टोकांच्या मधे ट्रॅक्टर, कापणी यंत्रं, जेसीबी, फोर्कलिफ्ट, जंगलातले ओंडके ओढणारी यंत्रं आणि बंदरावर कंटेनर उचलणारी अवजड धुडं. डांबरी रस्ता सोडून जे जे चाकांवर चालतं, ते सगळं.

जगभरच्या शेतकऱ्यांना ही कंपनी ‘बीकेटी’ या तीन अक्षरांनी माहीत आहे. सियाराम्सचं कापड ज्या पोद्दार कुटुंबाचं, त्याच कुटुंबातल्या अरविंद पोद्दार यांनी ती उभी केली. १९८७ मध्ये तिने रस्त्याबाहेरच्या टायरांत पाऊल टाकलं आणि पहिला कारखाना उभारला तो तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूजला. बजाजचा स्कूटर कारखाना १९८५ मध्ये तिथे आल्यावर त्या माळाचं औद्योगिक गावात रूपांतर व्हायला लागलं होतं. पुढे राजस्थानात भिवाडी आणि चोपंकी, २०१२ मध्ये कच्छमध्ये भुज असे कारखाने आले. साचे बनतात डोंबिवलीत.

एवढ्या यादीत डोंबिवली सहज नजरेआड होते, पण या धंद्याचं मर्म तिथे आहे.

कारच्या टायरचा कारखाना मोजक्या मापांवर चालतो. एक माप लावलं की यंत्रं दिवसरात्र तेच काढत राहतात. शेती आणि खाणीच्या टायरांत हे चालत नाही. बीकेटीच्या यादीत ३ हजारांहून जास्त प्रकार आहेत. एखाद्या मापाचे वर्षाला हजारो टायर खपतात, तर एखाद्याची मागणी दोन-चारशेच्या पुढे जात नाही. द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून जाणारा अरुंद ट्रॅक्टर, दलदलीत चालणारा रुंद ट्रेलर, बटाटे काढायचं यंत्र: प्रत्येकाचं माप वेगळं, नक्षी वेगळी, रबराचं मिश्रणही वेगळं. दर वेळी साचा बदला, दोऱ्यांचा कोन बदला. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना ही कटकट महाग पडू लागली. जो साचा स्वतः कोरू शकतो आणि शंभर टायरांच्या ऑर्डरसाठीही यंत्र थांबवून पुन्हा लावायला तयार असतो, त्याला इथे जागा मिळाली. भारतात मजुरी स्वस्त म्हणून हा धंदा इथे आला, असं सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मजुरी स्वस्त असलेले देश पुष्कळ आहेत. पण हजारो साचे सांभाळून, प्रत्येक माप वेळेवर पाठवणारे फार थोडे आहेत.

टायर घडतो कसा, हे पाहिलं की हाताचं काम किती आहे ते कळतं. नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, गंधक, तेलं आणि रसायनं मोठ्या मिक्सरमध्ये मळली जातात. नायलॉनच्या दोऱ्यांच्या कापडावर दोन्ही बाजूंनी रबराचा थर चढतो आणि मग ते तिरकं कापलं जातं. फिरत्या ड्रमवर कामगार हे थर एकावर एक चढवतो: एकाच्या दोऱ्या डावीकडे तिरक्या, पुढच्याच्या उजवीकडे. रबर चढवलेल्या पोलादी तारांची कडी, म्हणजे बीड, दोन्ही कडांना बसते; टायर रिमला धरून राहतो तो तिच्या जोरावर. प्रत्येक थर चढला की कामगार हातातला रूळ दाबून फिरवतो, सांधा नीट बसला का पाहतो आणि मधे हवेचा फुगा दिसला तर टोच्याने टोचून बाहेर काढतो. हा फुगा राहिला तर आज काही बिघडत नाही. पाच महिन्यांनी कुठल्यातरी खाणीत, भर उन्हात, वजनाखाली तो थर तिथेच सुटतो.

तयार होतो तो कच्चा टायर: नक्षी नसलेला, पिंपासारखा फुगीर, चिकट. तो साच्यात जातो, आतून रबरी फुगा वाफेने फुगतो आणि उष्णतेने गंधक रबराला बांधून टाकतं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेली ती हीच व्हल्कनायझेशनची क्रिया. कारचा टायर दहा-पंधरा मिनिटांत शिजून बाहेर येतो. डंपरच्या टायरला कित्येक तास लागतात. रबर उष्णता फार हळू आत जाऊ देतं. आच वाढवली तर बाहेरचा थर जळतो आणि आतला कच्चाच राहतो. म्हणून मंद आच आणि भरपूर वेळ. याच कारणाने महाकाय टायरांचं उत्पादन एका रात्रीत वाढत नाही. प्रत्येक प्रेस एका टायरसाठी तासन्‌तास अडकून असते.

जगाने याची किंमत २००५ ते २००८ च्या दरम्यान मोजली. खनिजांचे भाव चढले, खाणींनी यंत्रं वाढवली आणि मोठ्या टायरांचा दुष्काळ पडला. डंपर तयार, चालक तयार, चाकाला टायर नाही. खाणमालकांनी रस्ते गुळगुळीत केले, वेग कमी केला, वजन आवरलं, गोटा झालेले टायर पुन्हा चढवले. कॅटरपिलरचा ७९७ एफ हा डंपर एका खेपेला ३६३ टन माल नेतो आणि सहा टायरांवर उभा राहतो. त्यातला प्रत्येक टायर ६३ इंची रिमचा, चार मीटर उंच, पाच टनांपेक्षा जड. असे टायर बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके: ब्रिजस्टोनचे जपानात होफू आणि किताक्यूशू येथे आणि अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या एकन इथे, मिशेलिनचे त्याच साउथ कॅरोलायनात आणि फ्रान्समध्ये, गुडइयरचा कॅन्ससमधल्या टोपीकात. बीकेटीने भुजमध्ये २०१७ मध्ये ५१ इंची रिमचा पोलादी रेडियल, म्हणजे तिरक्याऐवजी सरळ आडव्या दोऱ्यांचा, टायर काढला आणि पुढे ५७ इंचीपर्यंत मजल मारली. नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या चंद्रपूर आणि वणी परिसरातल्या उघड्या कोळसा खाणींचा विचार करा. डंपर टायरअभावी उभा राहिला तर कोळसा उभा राहतो, आणि मग औष्णिक वीज केंद्रांची काळजी सुरू होते. म्हणून मोठ्या टायरांचा एक कारखाना देशात असणं ही अभिमानापेक्षा गरजेची गोष्ट आहे.

टायर कुठे बनतो हे त्याच्या आकारामुळेही महत्त्वाचं ठरतं. कंटेनरचं दार साधारण सव्वादोन ते अडीच मीटरचं. ट्रॅक्टरचे टायर त्यात एकाच्या पोटात दुसरा असे रचता येतात. साडेतीन मीटरचा टायर मात्र आत जातच नाही, त्याला उघडी सपाट चौकट लागते. समुद्र जवळ असला की हा खर्च वाचतो. ब्रिजस्टोनने २००९ चा किताक्यूशूचा कारखाना समुद्राकाठी उभारला. भुजचा कारखाना मुंद्रा बंदरापासून ट्रकच्या दीड-दोन तासांवर आहे, आणि टायर काळा करणारा, त्याला झीज सोसायचं बळ देणारा कार्बन ब्लॅकही तिथेच बनतो. बीकेटीचा सुमारे सत्तर टक्के माल परदेशी जातो, त्यात सर्वांत मोठं गिऱ्हाईक युरोप. त्यामुळे कच्छचा हा कोपरा सोयीचा ठरला.

युरोपच्या शेतकऱ्याला या टायरात काय दिसतं, ते टायरच्या अंगावर वाचता येतं. समजा लिहिलंय ‘४८०/७० आर ३४ १४३ ए८’. रुंदी ४८० मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रेडियल रचना, ३४ इंची रिम. १४३ म्हणजे एक टायर २,७२५ किलो पेलेल, आणि ए८ म्हणजे ताशी ४० किलोमीटरने. पण खरा हिशेब अंगावर न लिहिलेल्या हवेचा आहे. तिकडचे ट्रॅक्टर दहा-बारा टनांचे. हवा जास्त भरली की टायर मातीत रुततो, नांगराच्या फाळाखालची माती दाबली जाऊन कडक थर होतो आणि मुळांना खाली जाता येत नाही. म्हणून ‘व्हीएफ’ टायर आले: तेच वजन ४० टक्के कमी हवेवर पेलणारे. बाजूच्या भिंती अशा लवचिक की टायर खाली पसरतो आणि वजन मोठ्या पायावर वाटलं जातं. या तंत्रात मिशेलिन आणि फायरस्टोन पुढे होते. बीकेटीने ते आत्मसात केलं आणि कमी किमतीत दिलं. नाव रुजवायला तिने फुटबॉल धरला. इटलीतली दुसऱ्या दर्जाची ‘सेरी बी’ ही लीग २०१८ पासून काही हंगाम ‘सेरी बीकेटी’ या नावाने खेळली गेली. पो नदीच्या खोऱ्यातला शेतकरी रविवारी सामना पाहतो आणि सोमवारी ट्रॅक्टर काढतो, हे गणित त्यामागे असावं.

टायरबरोबर रिमचाही विचार करावा लागतो, आणि तो नेहमी मागे पडतो. कारची रिम एका तुकड्याची असते. डंपरच्या जाड, ताठर टायरला ती चालत नाही, टायर चढणारच नाही. म्हणून रिम तुकड्यांची असते: मुख्य पिंड, दोन्ही बाजूंच्या कडा, बीड बसायची पट्टी आणि सगळ्यांना धरून ठेवणारी लॉक रिंग. ती नीट बसली नसेल आणि हवा भरली, तर उडून माणसाचा जीव घेते. म्हणून हवा पिंजऱ्यात ठेवून किंवा साखळी बांधून भरतात, आणि समोर कोणी उभं राहत नाही. खाणीत टायरमध्ये नायट्रोजन भरायचा, तेही जिवासाठीच: ब्रेक तापून आतलं रबर जळू लागलं, तर प्राणवायू नसल्याने स्फोट टळतो. भारतात या रिमांचं काम मोठ्या प्रमाणावर करते ती १९६० मध्ये स्थापन झालेली, चेन्नईच्या पाडीतली व्हील्स इंडिया. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सीमध्ये टायटन इंटरनॅशनल चाकं बनवते, आणि फ्रीपोर्टमध्ये तिचा शेतीच्या टायरांचा कारखाना आहे.

याच टायटनच्या टायर विभागाने पोलाद कामगारांच्या संघटनेसोबत जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकी सरकारकडे तक्रार केली, की भारत आणि श्रीलंकेतले रस्त्याबाहेरचे टायर सरकारी सवलतींच्या जोरावर स्वस्त विकले जातात. २०१७ मध्ये त्यावर अनुदानविरोधी शुल्क लागलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क नेलं, तेव्हा टायरवाल्यांना वाटा बदलाव्या लागल्या. टायर कुठे बनला हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं, आणि त्या एका ओळीवरून जकात ठरते.

म्हणूनच कारखान्यांची खरेदी-विक्री एवढी जोरात आहे. मूळच्या इस्राएली अलायन्स टायरचा मोठा कारखाना तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ उभा राहिला, दुसरा दहेजला. २०१६ मध्ये जपानच्या योकोहामाने अलायन्स सुमारे ११८ कोटी डॉलरला घेतली, आणि पुढे स्वीडिश ट्रेलबोर्गचा टायर विभाग आणि गुडइयरचा खाण-बांधकामाचा टायर धंदाही. महाराष्ट्रातली दुसरी कहाणी सिएटची. इटलीतल्या तुरिनमध्ये जन्मलेली ही कंपनी १९५८ पासून भारतात आहे. भांडुप आणि नाशिकनंतर शेतीच्या रेडियल टायरांसाठी तिने अंबरनाथ निवडलं. डिसेंबर २०२४ मध्ये तिने मिशेलिनकडून कॅम्सो या नावाचा लहान बांधकाम यंत्रांच्या टायर आणि ट्रॅकचा धंदा घ्यायचं ठरवलं. साडेबावीस कोटी डॉलरच्या या सौद्यात श्रीलंकेतले मिदिगामा आणि कोटुगोडाचे कारखाने आले. श्रीलंका भरीव टायरांची जुनी जाणकार. तिथलं कौशल्य कारखान्यांसकट विकत मिळालं.

या सगळ्याच्या मुळाशी झाड आहे. मोठ्या टायरात नैसर्गिक रबराचा वाटा जास्त असतो, कारण ते कमी तापतं आणि दगडाने सहजी फाटत नाही. भारतात २०२३-२४ मध्ये साधारण साडेआठ लाख टन नैसर्गिक रबर निघालं, लागलं १४ लाख टनांच्या आसपास. उरलेलं बाहेरून आणावं लागतं. बहुतेक रबर केरळचं, पण सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरांतही केरळी शेतकऱ्यांनी लावलेल्या रबराच्या बागा आहेत. तिथे जंगल तोडून रबर लावल्याची तक्रार जुनी आहे, आणि ती हत्ती-वाघांच्या वाटांशी जोडलेली आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीविरुद्ध कायदा केला, त्यात रबर आहे: ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचं रबर चालणार नाही, आणि बागेचा ठावठिकाणा नकाशावर दाखवावा लागेल. अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे, पण दिशा पक्की आहे. ज्या कारखान्याला आपल्या रबराची बाग दाखवता येईल, त्याचा टायर युरोपच्या ट्रॅक्टरला चढेल.

घरच्या शेतात चित्र वेगळं आहे. मराठवाड्यातला पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर अजून बहुधा नायलॉनच्या साध्या टायरांवरच चालतो. हंगामात तो शेतात असतो त्याहून जास्त उसाच्या ट्रॉलीपुढे कारखान्याच्या रस्त्यावर असतो. त्यामुळे टायरचे तिरके दाते डांबरावर झिजतात, आणि पुन्हा शेतात उतरल्यावर चाक घसरतं. शेतकऱ्याला म्हणूनच कडक रबराचा, वाहतुकीचा टायर बरा वाटतो. काळ्या मातीचं दबणं तेवढं डोळ्यांपुढे येत नाही. पण भारी काळी जमीन ओली असताना दबली की पुढची नांगरटच काय, त्या वर्षीचं पीकही सांगतं. कमी हवेवर चालणारा रेडियल टायर तिला मानवेल, पण तो महाग आहे, काही मापांना वेगळी रिम लागते, आणि गावच्या दुकानदाराकडे तो सहसा नसतो. दात्यांची झीज आणि मातीचं दबणं, दोन्ही सांभाळणारं आणि पन्नास हॉर्सपॉवरवाल्याला परवडेल असं माप मराठवाड्याला हवं आहे. वाळूजच्या कारखान्यापासून यातली काही शेतं तासाभराच्या अंतरावर आहेत.