डोंगर टेबलावर, माणूस आभाळात

पिंपळनेरहून पश्चिमेला कुडाशी-वार्शाकडे निघालं की रस्ता डोंगरात शिरतो. पलीकडे डांग, दक्षिणेला बागलाण आणि मध्ये साक्री तालुक्याचा हा डोंगरपट्टा. इथल्याच शेंदवडच्या डोंगरात पांझरा उगम पावते. या भागातल्या कोकणा लोकांकडे एक वाद्य आहे, थाळ. त्याला तार नाही, चामडं नाही, फुंकायला भोक नाही. काशाची एक थाळी, तिच्या मध्यावर मधमाशीच्या मेणाचा गोळा आणि त्या मेणात उभी रोवलेली एक वाळकी, सरळ काडी. एवढंच.

वाजवणारा थाळी पुढ्यात घेतो, काडी बोटांच्या चिमटीत हलकेच धरतो आणि चिमूट वरून खाली ओढत नेतो. एक हात तळाशी पोचतो तोवर दुसरा शेंड्याला लागलेला असतो. काडी जागची हललेलीही दिसत नाही आणि थाळी मात्र घुमायला लागते. हा आवाज कानांपेक्षा छातीत आधी जाणवतो.

तो येतो कुठून? बोट काडीवरून घसरतं तेव्हा ते सलग घसरत नाही. क्षणभर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, आणि हे सगळं सेकंदात कितीतरी वेळा होतं. सारंगीचा गज तारेवर नेमकं हेच करतो. या चिकटण्या-सुटण्यातून काडीच्या अंगात बारीक थरथर उठते. काडी इतकी सडपातळ की तिला स्वतःला हवा ढकलता येत नाही, म्हणून नुसत्या काडीचा आवाज जवळजवळ ऐकूच येणार नाही. पण मेणाच्या गोळ्यातून ती थरथर थाळीत उतरते. थाळीचं पसरट अंग हवेला ढकलू शकतं आणि खोली भरून जाते. शिवाय आवाज तुटत नाही. ढोलाला ठोक्यांमध्ये फट असते, फुंकवाद्याला श्वास घ्यावा लागतो. थाळ मात्र दोन हातांच्या आलटापालटीवर रात्रभर चालू शकतो. म्हणून तो कथेचा सोबती झाला. मार्गशीर्षातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात किंवा घरच्या विधीत त्या सुरावर कथेकरी धान्याच्या देवतेची, कनसरीची कथा लावतो. कोकणांची स्वतःची रामकथाही या थाळीवर गायली जाते. ती कागदावर उतरली अगदी अलीकडे, त्याआधी कित्येक पिढ्या ती फक्त गळ्यात आणि बोटांत होती.

या कथेकऱ्यांची नावं कुठल्या पुरस्काराच्या यादीत सहसा दिसत नाहीत. तरी खानदेशातल्या मोठ्या कलावंतांबद्दल लिहायचं तर मला त्यांच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण त्यांच्या हातात जे कोडं आहे तेच पुढच्या तिघांच्याही हातात आहे. लहानाचं मोठं कसं करायचं, मोठ्याचं लहान कसं करायचं, आणि करताना जीव कसा जाऊ द्यायचा नाही?

धुळ्याचं विमानतळ ज्या गोंदूरला आहे, त्याच गोंदूरला १९ फेब्रुवारी १९२५ रोजी शिल्पकार राम सुतार यांचा जन्म झाला. घर सुतारकाम करणाऱ्यांचं. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची वाट दाखवली. तिथे १९५३ साली त्यांनी मेयो सुवर्णपदक मिळवलं. पुढची काही वर्षं ते पुरातत्त्व खात्यात होते, औरंगाबादेत, आणि काम होतं वेरूळ-अजिंठ्याच्या भंगलेल्या शिल्पांच्या डागडुजीचं. माझ्या मते त्यांची खरी शाळा हीच. तुटलेला हात पुन्हा घडवायचा तर मूळ शिल्पकाराचा खांदा कुठे वळला होता, वजन कोणत्या पायावर होतं, हे आधी ताडावं लागतं आणि आपली स्वतःची ढब पूर्ण लपवावी लागते. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या निनावी माणसाच्या मनगटात शिरण्याचा तो सराव होता.

नंतर दिल्लीला माहिती व प्रसारण मंत्रालयात थोडा काळ नोकरी केली आणि १९५९ मध्ये तीही सोडली. मग आलं मध्य प्रदेशातल्या गांधीसागर धरणावरचं चंबळेचं शिल्प. उंची ४५ फूट. नदी आई झाली आहे आणि तिच्याजवळची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. हे शिल्प त्यांनी काँक्रीटच्या एकाच ठोकळ्यातून छिन्नीने कोरून काढलं. दगडाला निदान रेषा असते, काँक्रीटला तीही नसते. त्यात वाळू, खडी, सिमेंट असतं आणि प्रत्येकाचा कठीणपणा वेगळा. छिन्नी कुठे रुतेल आणि कुठे उडेल, याचा अंदाज हातालाच घ्यावा लागतो.

आणि मग सरदार. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी नर्मदेकाठी केवडियाला उभा राहिलेला वल्लभभाई पटेलांचा पुतळा १८२ मीटर उंच आहे, जगातला सर्वांत उंच. त्याची मूळ प्रतिकृती सुतारांच्या हातून उतरली ती अवघी तीन फुटांची. त्यानंतर अठरा फुटांची, नंतर तीस फुटांची. इथे जरा हिशेब करून पाहावा. १८२ मीटर म्हणजे सुमारे ५९७ फूट, म्हणजे तीन फुटांच्या जवळजवळ दोनशे पट. लहान प्रतिकृतीत नखाने एक मिलिमीटर माती जास्त दाबली गेली, तर ती चूक नर्मदेकाठी वीतभर होते. तीस फुटांच्या प्रतिकृतीपासूनही वाढ वीस पट आहे. उंची वीस पट, पण पृष्ठभाग चारशे पट आणि आकारमान आठ हजार पट. म्हणून तर पुढचं काम संगणक आणि अभियंत्यांचं. प्रतिकृतीचा प्रत्येक उंचवटा संगणकात मोजून घेतला, त्यावरून कांस्याचे हजारो पत्रे ओतले आणि ते आतल्या सांगाड्यावर चढवले.

त्यातही सुतारांनी अभियंत्यांना एक अवघड गोष्ट देऊन ठेवली होती, ती म्हणजे सरदारांचं उभं राहणं. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता पायघोळ झग्यात आहे, तिचा पाया रुंद आहे आणि चबुतरा सोडला तर उंची ४६ मीटर. इथे धोतर नेसलेला, पायात चपला घातलेला, चालता चालता थांबल्यासारखा शेतकरी घरातला माणूस. वर खांदे रुंद, खाली पाय निमुळते. वारा अशा आकाराला गदागदा हलवतो. म्हणून पायांतून काँक्रीटचे दोन पोकळ स्तंभ वर नेले, त्यांतूनच उद्वाहक जातात, आणि हेलकावे शोषून घेण्यासाठी वर प्रत्येकी २५० टनांची दोन वजनं बसवली. पुतळा एका बाजूला झुकू लागला की ही वजनं उलट्या बाजूला झोल घेतात. छातीशी, १५३ मीटरवर, प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. हे सगळं एका मातीच्या प्रतिकृतीतली उभं राहण्याची ढब जशीच्या तशी राहावी म्हणून!

मला मात्र सुतारांचा संसदेच्या आवारातला, १९९३ साली बसवलेला गांधी जास्त जवळचा वाटतो. मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. तो मोठा आहे खरा, पण त्याच्यासमोर उभं राहिल्यावर उंचीचा विचार मनात येत नाही, येतो तो श्वासाचा. गांधींचे त्यांनी घडवलेले अर्धपुतळे जगातल्या अनेक देशांत पोचले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी पार करून, सुतार गेले. अगदी शेवटच्या वर्षांतही त्यांच्याकडे मोठमोठी कामं सुरू होती.

शिरपूरच्या अभिनेत्री स्मिता पाटीलचं कोडं याच्या उलट होतं. जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा, पण वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे आणि मुळं तापीकाठची. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची. घरातल्या पेटीएवढ्या पडद्यावरचा तो चेहरा दिग्दर्शक श्याम बेनेगलांनी थेट चित्रपटगृहाच्या पडद्यावर नेला. रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला भाव वाढवून दाखवावा लागतो. सिनेमात चेहरा जवळून दाखवला की एक डोळाच माणसापेक्षा उंच होतो, पापणी किंचित लवली तरी ती घटना ठरते. म्हणून तिथे वाढवायचं नसतं, आवरायचं असतं. ‘भूमिका’मध्ये तिने नटीच्या आयुष्याची कितीतरी वर्षं दाखवली. वय वाढत गेलेलं कळतं ते रंगभूषेइतकंच मान वळवण्याच्या वेगातून. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘चक्र’लाही. ‘उंबरठा’ हा तिचा आणखी एक चित्रपट १९८२ चा. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली तेव्हा वय अवघं एकतीस.

आता चाळीसगाव. धुळ्याहून रेल्वेचा फाटा जिथे मुख्य लोहमार्गाला मिळतो, त्या स्टेशनाजवळच्या घरात छायाचित्रकार केकी मूस राहायचे. जन्म २ ऑक्टोबर १९१२, मुंबईच्या मलबार हिलवरचा. पारशी कुटुंबातला हा एकुलता एक मुलगा इंग्लंडला छायाचित्रण शिकून आला, चाळीसगावला परतला आणि घरात शिरला तो जवळजवळ पन्नास वर्षं क्वचितच बाहेर पडला. गावात सांगतात की एका मुलीने येण्याचं वचन दिलं होतं आणि ते रोज रात्री मुंबईकडून येणाऱ्या मेलची वाट पाहायचे. गाडी निघून गेली की मगच दार बंद व्हायचं. ही गोष्ट सगळेच सांगतात, त्यामुळे त्यांचं काम थोडं झाकलं जातं याचं मला वाईट वाटतं. कारण ते काम अफाट आहे.

माणूस घराबाहेर जात नाही, मग डोंगर, बर्फ, रानवाटा यांचे फोटो काढायचे कसे? मूस यांनी ते सगळं टेबलावर मांडलं. या प्रकाराला टेबल-टॉप छायाचित्रण म्हणतात आणि मूस त्यातले उस्ताद. वाळू, गवत, काटक्या, पीठ असलं घरातलं साहित्य, पण छायाचित्रात मैलोन्‌मैल पसरलेला हिमप्रदेश. यात फसवायचं असतं ते डोळ्याला, आणि डोळा सहजी फसत नाही. सूर्य इतका दूर आहे की त्याच्या उजेडात सगळ्या सावल्या समांतर पडतात. टेबलाशेजारी दिवा ठेवला तर सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि खोटेपणा उघडा पडतो. तेव्हा दिवा दूर न्यायचा, उजेड कमी झाला तर कॅमेऱ्याची झडप तितका जास्त वेळ उघडी ठेवायची. दुसरी अडचण ठळकपणाची. जवळची छोटी वस्तू टिपताना तिच्या पुढचं-मागचं धूसर होतं, आणि तसं धूसर दिसलं की आपण लगेच ओळखतो की हे खेळण्यातलं आहे. त्यावर उपाय म्हणजे भिंगाचं छिद्र अगदी बारीक करणं. छिद्र बारीक केलं की पुढचं झाड आणि मागचा डोंगर दोन्ही सारखे स्वच्छ येतात, पण उजेड आणखी घटतो. प्रकाश, वेळ आणि छिद्र यांचं हे त्रैराशिक. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या देवळातला शिलालेख भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने स्थापलेल्या मठाची नोंद देतो आणि त्रैराशिक तर भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’तलं, हा योगायोग मला फार आवडतो.

मूस चित्रं काढायचे, मूर्ती घडवायचे, लाकूडकाम करायचे, सतार वाजवायचे. देशविदेशातल्या स्पर्धांतून त्यांच्या छायाचित्रांना पदकं मिळत गेली, आणि ते मात्र तिथेच, स्टेशनसमोर. पंडित नेहरूंचं छायाचित्र त्यांनी टिपलं ते नेहरू स्वतः त्यांच्या घरी आले तेव्हा. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले.

ते घर आता त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. चाळीसगावला उतरलात तर तिथे जरूर जा, आणि टेबलावरच्या त्या डोंगरांपुढे उभं राहून आधी सावल्या बघा. त्या कुठून कुठे पडल्या आहेत ते बोटाने हवेत आखा, मग मनातल्या मनात दिवा कुठे असेल ते शोधा. जिन्यात? बाजूच्या खोलीत? मी अजून शोधतोच आहे.